मदत हवी आहे: बिल्डरविरुद्ध सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येते का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका मोठ्या प्रकल्पात आम्ही फ्लॅट घेतलाय. किंमत ४६ लाख, करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर २०२१. आमची इमारत सातव्या मजल्यावर थांबली आहे. वर नुसत्या सळया उभ्या, गंजून तांबड्या झालेल्या, आणि पावसाचं पाणी त्यांवरून ओघळून स्लॅबच्या कडेला तपकिरी पट्टे उमटलेत. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू आहे. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतले ९ लाख घातले होते. ते याबद्दल एकदाही बोललेले नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

एकूण २१२ फ्लॅट आहेत. गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात मीटिंग ठेवली, तर ३८ जण आले. वहीत सही करायची वेळ आली तेव्हा त्यातले ११ जण 'घरी विचारून सांगतो' म्हणत उठले. राहिलो २७.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे 'क्लास अ‍ॅक्शन, क्लास अ‍ॅक्शन' म्हणताहेत. कुणी सांगतं अमेरिकेसारखं एकाने केस केली की सगळ्यांना पैसे मिळतात. कुणी कंपनी कायद्याचं कलम २४५ फॉरवर्ड करतं. वकील म्हणाले, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) खाली समान हितसंबंध असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने एक किंवा अनेक जण तक्रार करू शकतात, पण ग्राहक आयोगाची परवानगी लागते. इथवर समजलं. पुढचं समजत नाही.

आम्ही २७ जण २१२ जणांच्या वतीने उभे राहू शकतो का? सही न करणाऱ्यांचं काय होतं? आणि मुख्य भीती वेगळीच आहे. मागच्या वर्षी तिघांनी नोटीस पाठवली, त्यांना पैसे परत मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर. त्यांच्यावर राग नाही, त्यांच्याही घरात अडचणी होत्या. पण सगळ्यांच्या नावाने पुढे झालेली माणसं अशी मधेच मिटवून मोकळी झाली तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी कलम २४५ बाजूला ठेवा. ते भागधारक आणि ठेवीदारांसाठी आहे, कंपनी न्यायाधिकरणात चालतं. फ्लॅट घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या हिशेबांतल्या घोटाळ्यात अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांना तिथल्या सामूहिक दाव्यातून १२.५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली आणि इथले हात चोळत बसले, त्यानंतर असं काही हवं ही मागणी इथे जोरात आली.

तुमच्या भीतीचं उत्तर कायद्यातच आहे. ३५(१)(सी) च्या तक्रारीला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १ नियम ८ लागतो. त्यात तक्रार मागे घ्यायची, त्यातला काही भाग सोडून द्यायचा किंवा तडजोड करायची तर आधी सगळ्या संबंधितांना नोटीस काढावी लागते, तीही तक्रारदारांच्या खर्चाने. गुपचूप मिटवता येत नाही. सुरुवातीलाही नोटीस निघते, माणसं फार असतील तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. सही न केलेला माणूस अर्ज करून सामील होऊ शकतो. मात्र निकाल त्याच्यावरही बंधनकारक असतो, जिंकलात तरी आणि हरलात तरी. हे त्या ११ जणांना स्पष्ट सांगा.

आता अडचण. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे १,१३४ फ्लॅटपैकी ५१ फ्लॅटचे ९१ खरेदीदार सगळ्यांच्या वतीने आले होते. न्यायालय म्हणालं, सगळ्यांचे हितसंबंध एकच आहेत हे तक्रारीत नीट मांडलेलंच नाही, सगळ्या ब्लॉकचा उशीरही सारखा नाही. पण त्यांना हाकललं नाही, त्या ९१ जणांपुरती संयुक्त तक्रार म्हणून ती चालू दिली. म्हणून 'सगळ्यांच्या वतीने' आणि 'आपण सगळे मिळून' यातला फरक ओळखा. तुमच्या सगळ्या इमारतींच्या करारात ताब्याची तारीख एकच आहे का, हे आधी तपासा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात भर. एकट्याने गेलात तर ४६ लाखांची तक्रार पुणे जिल्हा आयोगात बसते, कारण तिथली मर्यादा ५० लाख आहे. सर्वांच्या वतीने गेलात तर किमतींची बेरीज धरतात, आणि २ कोटींच्या वर गेलं की दिल्लीचा राष्ट्रीय आयोग.

मी महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, गेलो होतो. तिथे खरेदीदारांची संघटनाही तक्रार करू शकते. फ्लॅट ठेवायचा असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज, नको असेल तर व्याजासह परतावा. व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरावर २ टक्के. आदेश मिळाला तेव्हा पेढे वाटले, पण बिल्डरने पैसे दिले नाहीत. मग वसुलीसाठी पुन्हा अर्ज, वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि तिथे फेऱ्या. तयारी ठेवा. दोन्ही रस्ते उघडे आहेत, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका.

आणि तक्रार करायची मुदत उलटली म्हणून कुणी घाबरवलं तर मुंबईच्या समृद्धी सोसायटीचं प्रकरण दाखवा. रहिवासी १९९७ पासून भोगवटा प्रमाणपत्राविना राहत होते. बिल्डरने ते न देणं ही चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत उलटलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून मिळतील तेवढे करारनामे चाळले. ए आणि बी इमारतींची तारीख डिसेंबर २०२१ आहे, सी इमारतीची जून २०२३. म्हणजे सगळ्या २१२ जणांच्या वतीने जाणं अवघड दिसतंय. फक्त ए आणि बी मिळून १४० फ्लॅट होतात. तेवढ्यांच्याच वतीने ३५(१)(सी) खाली परवानगी मागता येईल का, आणि सीवाल्यांनी वेगळी तक्रार केली तर एकाच वकिलाला दोन्ही देता येतात का? कुणी असं केलं असेल तर रविवारच्या आत सांगा.