धागा: मेल गेटवेवर खरे पत्ते ओळखायला यादी ठेवायची, की आतल्या सर्व्हरला विचारायचं?

धंतोलीकर: काल इथं सल्ला आला, "रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपिएंट टाका, पत्त्यांच्या यादीची कटकट संपली." नवी पोरं हे तसंच उचलतात, म्हणून लिहितो. या सेटिंगमुळे पोस्टफिक्स (गेटवेवरचा मेल सर्व्हर) आतल्या सर्व्हरशी आरसीपीटी टू पर्यंत, म्हणजे पत्ता सांगण्यापुरतं, बोलतो आणि डेटा (मेलचा मजकूर) न देता परत येतो. आत एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर तो त्या टप्प्यावर बहुधा कुणालाही २५० (चालेल) म्हणतो. नकार देतो डेटानंतर. म्हणजे खोटा पत्ता खरा म्हणून ३१ दिवस कॅशमध्ये (गेटवेनं जपलेल्या उत्तरांत). मग बाउन्स (मेल पोचला नाही ही सूचना) तुमच्या गेटवेवरून भलत्याच माणसाला, ज्याचं नाव स्पॅमरनं लावलं त्याला, आणि तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. रिले_रेसिपिएंट_मॅप्स (गेटवेची खऱ्या पत्त्यांची यादी) ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (कंपनीच्या खात्यांच्या नोंदवहीला) जोडा, तिथल्या प्रॉक्सीॲड्रेसेस या मेल पत्त्यांच्या रकान्यात शोधा. हातानं यादी ठेवावीच लागत नाही.

हिंगणा रोड: सल्ला माझाच. एलडॅप (डिरेक्टरीला विचारायची सोय) बंद पडलं की ४५१ (तात्पुरता नकार), सगळे मेल दारात उभे. बुटीबोरीच्या कारखान्याची लाइन तुटली तरी कॅशमधले पत्ते चालू राहतात, हे काहून सांगत नाही?

महालवाला: क्रम कुणीच सांगितला नाही. रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (परक्या डोमेनचे मेल नाकारणारा नियम) आधी पाहिजे, नाहीतर जगभरच्या डोमेनला चौकश्या जातील.

गोकुळपेठ: मुळात दारात ५५० (कायमचा नकार) देऊच नये. स्पॅमर त्यावरूनच खरी नावं वेचतात. कॅच-ऑल (कुठल्याही नावाचा मेल घेणारी एकच पेटी) लावा.

धंतोलीकर: कॅच-ऑल? टेंडरचा मेल एका अक्षरानं चुकला तर तो कचऱ्यात पडून राहील आणि पाठवणाऱ्याला कळणारही नाही. ५५० मिळालं असतं तर त्यानं तेव्हाच फोन केला असता. नावं वेचणाऱ्यांसाठी हार्ड_एरर_लिमिट आहे, २० चुकांवर जोडणी तुटते.

गोकुळपेठ: एका जोडणीची! शंभर आयपींवरून आले तर?

धंतोलीकर: तर दर आयपीला मर्यादा घाला. लोकांचा पत्रव्यवहार गिळू नका, भाऊ.

हिंगणा रोड: मूळ मुद्द्यावर या. एक्स्चेंजपुरतं मान्य. टेलनेटनं (सर्व्हरशी हातानं बोलायचं साधन) आतल्या सर्व्हरच्या २५ पोर्टवर बनावट नाव देऊन बघा: २५० आलं तर यादी, ५५० आलं तर माझीच पद्धत. आणि नकाराचा कोडही ५५० करून टाका.

महालवाला: नका करू. नकार ३ दिवस कॅशमध्ये राहतो. ३ तासांनंतर नवी चौकशी होते, पण ती ज्या मेलमुळे निघते त्यालाही जुनंच उत्तर मिळतं. खातं उघडायच्या आधीच कुणी मेल टाकला असेल, तर नव्या माणसाचे पहिले मेल कायमचे परत. डीफॉल्ट ४५० असेल तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा येतो.

हिंगणा रोड: बरं, ४५० राहू द्या. एलडॅपचं मात्र मी मानलेलं नाही.