व्हिजिटर पार्किंगचे पन्नास रुपये

बी-३०२: सचिव महोदय, काल रात्री साडेअकराला माझे दीर-जाऊ नाशिकहून आले, तेव्हा पाहुण्यांच्या तिन्ही जागा सभासदांच्याच गाड्यांनी अडवल्या होत्या. ५० रुपये दंड ठरल्यापासून हा प्रकार वाढला आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

ए-१०१: दंड ५०० करा. मी सभेतही हेच म्हणालो होतो.

सचिव: ताई, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. वॉचमनच्या वहीत पूर्वी महिन्याला चार-पाच नोंदी असत. गेल्या महिन्यात अकरा आहेत आणि सर्वांनी पैसे भरले आहेत.

डी-४०४: त्यांतल्या सहा माझ्या आहेत, हे सचिवांनी सौजन्याने टाळले. पूर्वी गाडी लावली की सकाळी वॉचमनकाकांची नजर चुकवत निघावे लागे. आता पावती घेतो आणि निवांत झोपतो.

बी-३०२: लाज इतक्या स्वस्तात सुटते, हे ठाऊक नव्हते.

बी-५०५: इस्रायलमधील हायफा शहरातील पाळणाघरांत हेच घडले होते. दहांपैकी सहा पाळणाघरांनी, मुलाला न्यायला दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उरी गनीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले, कारण बाईंना ताटकळत ठेवल्याची बोचणी गेली आणि जादा वेळेचा दर तेवढा उरला. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर कमी झाला नाही.

ए-१०१: म्हणूनच म्हणतो, ५०० करा.

सी-२०३: काका, गच्चीच्या चावीच्या वेळीही आपले ५००च होते.

बी-५०५: त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. याच दोघांच्या दुसऱ्या प्रयोगात, देणग्या गोळा करणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना जमलेल्या रकमेच्या १ टक्का मोबदला देऊ केला, त्यांनी विनामोबदला फिरणाऱ्यांपेक्षा कमी रक्कम आणली. १० टक्केवाल्यांनी १ टक्केवाल्यांपेक्षा जास्त आणली, तरी फुकट फिरणारेच पुढे राहिले. गणपतीच्या वर्गणीला निघणाऱ्या आपल्या मुलांना कृपया कोणी कमिशन सुचवू नये.

खजिनदार: दंडाचे ५५० रुपये जमा आहेत. तो रद्द करण्यास माझा विरोध राहील.

सी-२०३: साहजिक आहे, आपली स्वतःची गाडी कंपाउंडबाहेर असते.

सचिव: वैयक्तिक शेरे नकोत. विषय रविवारच्या सभेत घेऊ.

बी-३०२: शनिवारी सासूबाई येत आहेत आणि त्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही.

डी-४०४: ताई, किती वाजता येणार तेवढे कळवा, मी गाडी बाहेर लावतो.

ए-१०१: तरीही ५०० चा मुद्दा विषयपत्रिकेत घ्यावा.