लग्नाची नोंद, सोडचिठ्ठी आणि हुकूमनामा : किनाऱ्यावरचे अनुभव

दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. तरीही गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज आपल्याकडे बहुतेकदा याच्या उलट घडते. गाव, भावकी आणि पंच ज्याला लग्न किंवा काडीमोड मानतात, ते कायद्याच्या लेखी तसे असतेच असे नाही, आणि हा फरक लक्षात येतो तो पासपोर्ट, निवृत्तिवेतन किंवा वारसनोंदीच्या वेळी. माझ्या मावशीची कागदपत्रे गोळा करताना मला तो उमगला, म्हणून हा धागा. विवाह ठरताना, नोंदताना किंवा संपवताना कोणता नियम आड आला अथवा उपयोगी पडला, हे पालघरपासून पेडण्यापर्यंतच्या मंडळींनी सविस्तर लिहावे. व्यक्तींची आणि कार्यालयांची नावे टाळावीत. कोण चुकले याचा निवाडा येथे करायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

निवृत्त ग्रामसेवक, वेंगुर्ले तालुका

महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यामुळे गावात विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे येते, आणि ते मी बरीच वर्षे केले. लग्नापासून ९० दिवसांच्या आत नमुना 'ड' भरून, वधूवरांनी तीन साक्षीदारांसह समक्ष येऊन सह्या करायच्या असतात. नियम सोपा आहे, पण तो आपल्या पंचांगात बसत नाही. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, खळ्यात मांडव पडतो, पाचपरतावन होते न होते तोच नवे जोडपे परतीच्या गाडीत बसते, आणि नोंदणीचा विषय निघतो तो थेट गणपतीत. तोवर ९० दिवस उलटलेले असतात. उशिरा नोंद होते, विलंबशुल्क तेवढे भरावे लागते. परंतु तीन साक्षीदारांची मोट पुन्हा बांधताना यजमानांचा जीव मेटाकुटीला येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एक जोडपे दाखला आधी मागत होते, कारण मुलाला परदेशी जायचे होते आणि लग्न तुळशीनंतर करायचे ठरले होते. मी नकार दिला, तेव्हा मला आडमुठा ठरवण्यात आले. दाखला हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, दाखल्याने लग्न लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी व्हावे लागतात, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हेच स्पष्ट केले की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. विधी नको असतील त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते आणि पुढे विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावता येते.

गृहिणी, रत्नागिरी तालुका

माझे पहिले लग्न २००९ साली झाले आणि २०१३ साली मोडले, म्हणजे मोडले असे आम्ही सर्वांनी समजून घेतले. दोन्हीकडचे पंच बसले, भांडी आणि दागिने परत झाले, आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर 'आजपासून आमचा पती-पत्नी म्हणून संबंध राहिला नाही' असे लिहून नोटरीचा शिक्का घेतला. त्या शिक्क्यावर माझ्या वडिलांचा इतका विश्वास होता की त्यांनी तो कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला होता. २०१६ साली माझे दुसरे लग्न वाजतगाजत झाले आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली. यजमानांच्या सेवापुस्तकात माझे नाव लावायचे होते. लग्नाच्या नोंदीत माझ्या नावापुढे 'घटस्फोटित' असे लिहिलेले होते, म्हणून लिपिकाने न्यायालयाचा हुकूमनामा मागितला. आम्ही मुद्रांक पुढे केला. त्याने तो वाचून, घडी घालून, फार सौजन्याने परत केला.

वकिलांनी समजावले ते असे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवते, परंतु ती रूढी आपल्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. आजीच्या वेळी काडी मोडून फारकत होत असे, असे सांगणारे आमच्या वाडीत पाचजण निघाले. न्यायालयात शपथेवर सांगण्याजोगी माहिती एकाकडेही नव्हती. म्हणजे पहिले लग्न कायम होते, आणि म्हणून दुसरे मुळापासूनच रद्दबातल होते. मुलीचे काय, हा माझा पहिला प्रश्न होता. रद्दबातल विवाहातले मूलही औरसच मानले जाते, असे कलम १६ सांगते, हे ऐकल्यावर मी बाकीचे ऐकू शकले.

पहिल्या नवऱ्याचीही गत आमच्यासारखीच झालेली असल्यामुळे तो विनातक्रार तयार झाला, हे माझे नशीब. आम्ही २०१८ साली कलम १३ ब खाली संमतीचा अर्ज केला. त्यात एरवी अर्जानंतर किमान सहा महिने थांबावे लागते. परंतु २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे, दीर्घकाळ वेगळे राहिलेल्या आणि सर्व देणीघेणी मिटवलेल्या जोडप्यांसाठी ती अट न्यायालय शिथिल करू शकते, आणि आम्ही तर पाच वर्षे वेगळे होतो. दोन तारखांत हुकूमनामा मिळाला. मग मी माझ्याच नवऱ्याशी घरच्या देवासमोर पुन्हा लग्न केले, आणि दीड वर्षांच्या मुलीने आमच्यावर टाकण्याऐवजी अक्षता खाल्ल्या.

मच्छीमार, दापोली तालुका

नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळात माझा थोरला भाऊ खलाशी म्हणून गेलेल्या होडीसह परत आला नाही. वहिनीच्या गळ्यातली पोत घरातल्या बायकांनी सव्वा महिन्यात उतरवली. सातबाऱ्यावर मात्र भाऊ सात वर्षे जिवंतच राहिला. ज्यांना माणसाची खबर स्वाभाविकपणे लागली असती, त्यांना ती सात वर्षे लागली नाही, तरच तो मृत असल्याचे कायदा मानतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १०८ होते. २०२३ च्या नव्या कायद्यातही नियम तोच आहे.

चौथ्या वर्षी वहिनीसाठी एक चांगले स्थळ आले होते. थांबा, असे वकिलांनी सांगितले, कारण कायद्याच्या दृष्टीने तिचे लग्न अजून कायम होते. सात वर्षांनी दोन वाटा होत्या : बेपत्ता नवऱ्यापासून घटस्फोट मागणे, किंवा दिवाणी न्यायालयाकडून तो मृत असल्याचे जाहीर करून घेणे. घर आणि जमीन यांची वारसनोंद करायची असल्याने वकिलांनी दुसरी वाट सुचवली. त्यांचा आणखी एक सल्ला मी येथे मुद्दाम लिहितो. न्यायालय मृत्यू मानते, परंतु मृत्यूची तारीख आपोआप मानत नाही. म्हणून विम्याचे हप्ते मधल्या काळात थांबवू नयेत, नाहीतर विमा आधीच बंद पडल्याचे कारण पुढे येते. आम्ही उसनवारी करून हप्ते भरले. ते स्थळ मात्र थांबले नाही.

शिक्षिका, देवगड तालुका

माझे यजमान मुंबईत आणि मी लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी, अशा स्थितीत मला मुंबईच्या न्यायालयाची नोटीस आली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, मी परत नांदायला यावे, असा त्यांचा अर्ज होता. "कोर्टान सांगल्यान तर जावकच व्हया गो," असे आत्या म्हणाली, आणि मलाही तसेच वाटत होते. रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते, ते शाळेत शिकवताना माझा आवाज नेहमी चढत असे. आता तो अगदी बसला होता.

परिस्थिती बदलली आहे, हे मला उशिरा समजले. असा हुकूमनामा झाला तरी पोलीस कोणालाही उचलून नांदायला नेत नाहीत. फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभरात सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर दोघांपैकी कोणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो. पुष्कळदा तो अर्ज करण्यामागचा खरा हेतू हाच असतो, असे माझे मत झाले आहे. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते तेथील न्यायालयात याचिका दाखल करू शकते. मी क्रूरतेच्या कारणावरून सिंधुदुर्गात घटस्फोटाची याचिका केली, कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागितली, आणि मुंबईचा अर्ज इकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात गेले. तो वर्ग होईपर्यंत कोकणकन्येने सात खेपा झाल्या.

पोटगीच्या वेळी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र द्यावे लागते. २०२० च्या नोव्हेंबरातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हे सर्वत्र बंधनकारक आहे. 'पगार अमुक इतकाच' असे तोंडी सांगणारे माझे यजमान त्या तक्त्यासमोर अडखळले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळाली. माझाही पगार विचारात घेतला गेला, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

दुकानदार, गुहागर तालुका

थोडक्यात लिहितो. आमचे दोघांचे देवक एकच, कळंब, म्हणून भावकीने लग्नाला हरकत घेतली. कायदा देवक किंवा गोत्र पाहत नाही. तो सपिंड नाते पाहतो, म्हणजे आईकडून तिसऱ्या आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत, आणि तेथेही रूढीने परवानगी असेल तर सूट देतो. गंमत अशी, की हरकत घेणाऱ्या काकांचे स्वतःचे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झालेले आहे. त्यांना तीच सूट लागते, आम्हांला लागलीच नाही.

श्रीवर्धन तालुका, बहिणीच्या वतीने नव्हे, भाऊ म्हणूनच

आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. निकाहाला मुलीच्या होकाराबरोबर वली, म्हणजे मुलीचा पालक, आणि दोन साक्षीदार लागतात, आणि महर, म्हणजे नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम, निकाहनाम्यात लिहिला जातो. माझ्या बहिणीचे मालक आखातात नोकरीला होते. त्यांनी २०१९ साली फोनवरून तीनदा तलाक म्हटले. अशा तलाकाने निकाह तुटत नाही, हे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने ठरलेले होते. परंतु निकाह न तुटल्याने बहिणीची सुटका झाली नाही. ते परत येत नव्हते, पैसे पाठवत नव्हते आणि रीतसर सोडतही नव्हते.

जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी खुला, म्हणजे पत्नीने मागून घेतलेली फारकत, सुचवला, आणि त्यात महर सोडून द्यावा लागेल असेही सांगितले. महर म्हणजे तिचा एकमेव आधार होता. वकिलांनी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा दाखवला : नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षे खावटी दिली नसेल, तर पत्नी न्यायालयाकडून विवाह संपवून घेऊ शकते, आणि त्यामुळे तिचा महरचा हक्क बुडत नाही. बँकेच्या पासबुकात दोन वर्षांत एकही रक्कम जमा नसणे, हाच आमचा मुख्य पुरावा होता. हुकूमनामा एकतर्फी झाला. महरची वसुली अद्याप चालू आहे.

सावंतवाडी माहेर, पेडणे सासर

आमचे लग्न बांद्याच्या मंगल कार्यालयात झाले, पण त्याआधीच माझ्या सासऱ्यांनी 'सही झाली का' असा लकडा लावला होता. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा अजून लागू आहे. तेथे नागरी निबंधकासमोर आधी इराद्याच्या घोषणेची पहिली सही होते, मध्ये हरकतींसाठी नोटीस लागते, आणि मग दुसरी सही झाल्यावर विवाह कायदेशीर होतो. तिकडे लोक लग्नाची तारीख विचारतात आणि सहीची तारीखही विचारतात.

खरा फरक मला आठ वर्षांनी दिसला. यजमानांनी जमिनीचा एक तुकडा विकायला काढला, तेव्हा खरेदीखतावर माझी सही लागली, कारण लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तेथे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक आणि निम्मी-निम्मी असते. कुडाळला दिलेल्या माझ्या बहिणीच्या यजमानांनी त्याच वर्षी काजूची बाग विकली. तिला ते शेजारणीकडून कळले.

धागा सुरू करणाऱ्याकडून, मावशीविषयी

अनेकांनी विचारले म्हणून लिहितो. मावशीचे लग्न १९६८ साली राजापूर तालुक्यात झाले, नोंद कधीच झाली नाही, आणि काका गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी विवाहाचा पुरावा मागितला गेला. नोंद नाही म्हणून हिंदू विवाह अवैध ठरत नाही, असे कलम ८ मध्येच आहे. पण मग लग्न झाले हे दुसऱ्या मार्गाने दाखवावे लागते. भटजी निवर्तले होते. पिवळी पडलेली लग्नपत्रिका ट्रंकेत सापडली, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईवडिलांची नावे मिळाली, आणि लग्न डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांची शपथपत्रे हवी होती. त्यांतली एक मावशीची करवली. ती आता डोंबिवलीला असते आणि जिना चढताना दोनदा बसते. ती आली, तिने सही केली, आणि मुहूर्त टळायला आला होता कारण नवरदेवाची बैलगाडी उशिरा पोचली, हेही लिहून घ्या, असा तिचा आग्रह होता. ते आम्ही लिहून घेतले.