मदत हवी आहे : कोराडी सायडिंगवरची ही वॅगन कोणती?

मंडळी, कोराडी वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या रेक (अख्ख्या मालगाड्या) मी रस्त्यावरूनच बघतो. नेहमीच्या वॅगन ओळखू येतात. बॉक्सएन ही उघडी वॅगन टिपलरवर, म्हणजे वॅगन उलटवणाऱ्या यंत्रावर, अख्खी उलटवून रिकामी करतात. बीओबीआरएन या दुसऱ्या प्रकाराची खालची दारं हवेच्या दाबानं उघडतात आणि कोळसा थेट खाली पडतो. (बघायला दुसरीच भारी, वाद नको!)

परवा मात्र एक भलतीच वॅगन एकटी उभी होती. मधला भाग रुळांजवळ खाली उतरलेला, दोन्ही टोकांना चाकांची दाटी, वर माल काहीच नाही. ट्रान्सफॉर्मर वाहणारी वेल वॅगन असावी, असा अंदाज. अकरा आकडी नंबरातले पहिले दोन अंक प्रकार सांगतात, पण नेमके तेच काजळीखाली गेलेत. बांधणीचं वर्ष सांगणारा पाचवा-सहावा अंक ८७ वाचता आला, म्हणजे बांधणी १९८७ची.

नुसत्या चाकांच्या मांडणीवरून प्रकार ठरवता येतो का? कुणाकडे अशा वॅगनचा फोटो आहे? खापरखेड्याच्या बाजूला अशी दिसते का, तेही सांगा. फाटकातून आत शिरायचा सल्ला तेवढा नको भाऊ, विनापरवाना शिरण्याविरुद्ध रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे.