इमारतीसारखी दिसणारी टाच की इमारतीसारखी उभी राहणारी?

लंबक:
डिझायनर शूजबद्दल बोलताना ‘स्थापत्याचा प्रभाव’ हे शब्द फार सैल वापरले जातात. टाचेला कोन पाडले, जाळी कोरली की झाली आर्किटेक्चरल हील! भार वाहण्याची रीत बदलली असेल तरच प्रभाव म्हणा, बाकी सगळं नक्षीकाम.

इटालियन शू-डिझायनर फेरागामो घ्या. १९३०च्या दशकात इटलीवर निर्बंध आले आणि शँकसाठी चांगलं पोलाद मिळेना. शँक म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामध्ये, पायाच्या कमानीखाली बसणारी पट्टी. त्यांनी कॉर्कचे तुकडे चिकटवून ती पोकळीच भरून काढली. तुळईच्या जागी भिंत आली आणि वेज हील, म्हणजे पाचरीसारखी भरीव टाच, जन्मली. १९५०च्या दशकातली स्टिलेटो, म्हणजे उंच, सळईसारखी बारीक टाच, हीही तशीच अस्सल: आकाराला बाहेरून प्लास्टिक, वाक पेलायला आत धातूची सळई.

उभा धागा:
अजिबात पटलं नाही. नायकेचा एअर मॅक्स १ हा बूट (१९८७) तुमच्या कसोटीवर नापास होतो. त्याचे डिझायनर टिंकर हॅटफिल्ड शिक्षणाने वास्तुविशारद. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राचे बाहेर काढलेले पाइप पाहून त्यांनी सोलला खिडकी पाडली. हवेची पिशवी नायकेच्या बुटांत आधीपासून होतीच. भार तोच, वाट तीच. बदललं ते एवढंच की काय झाकायचं आणि काय दाखवायचं. हा स्थापत्यातला मूलभूत निर्णय आहे, त्याला नक्षी कसं म्हणता? आणि तो फुकट पडला नाही. सुरुवातीच्या मोठ्या खिडकीला थंडीत तडे जात, म्हणून ती लहान करावी लागली.

कपड्यांतही हेच. फॅशन डिझायनर बालेन्सियागांनी १९५८ मध्ये अब्राहम या स्विस कंपनीबरोबर गझार हे ताठ रेशमी कापड घडवलं. आतून सांगाडा न घालता घेर अंगापासून सुटा उभा राहिला. शरीर आणि कापड यांच्यामधली पोकळी रचणं, हेही स्थापत्यच.

लंबक:
गझार मान्य, तिथे कापड स्वतःचं वजन स्वतः पेलतं. खिडकी मात्र मला अजूनही दर्शनी भागाचीच गोष्ट वाटते.

चामडं:
दोघेही स्थिर भाराबद्दल बोलताय. इमारत चालत नाही, बूट चालतो.

वास्तुविशारद झाहा हदीद यांनी युनायटेड न्यूड या शू-कंपनीसाठी केलेला नोव्हा हा बूट (२०१३) घ्या. १६ सेंटीमीटर उंची, टाचेखाली खांब नाही, आत फायबरग्लासचा कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेली, दुसरीकडे अधांतरी तुळई. अशा रचनेचं साधं गणित करू. ६० किलोच्या व्यक्तीचा भार सुमारे ६०० न्यूटन. तो आधारापासून ८ सेंटीमीटर मागे पडला तर मुळाशी ४८ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. दर पावलाला तो येतो आणि जातो, शिवाय पाऊल तिरकं पडलं की पीळ. एकदा वजन पेललं म्हणजे जमलं असं नसतं. तडा जातो तो थकव्याने, आणि बहुधा जाडी एकदम बदलते तिथून.

साध्या उंच टाचेतही घोळ सांध्यातच होतो. टाच आतल्या बाजूने, इनसोलमधून (पायाखालच्या आतल्या तळातून) स्क्रू आणि खिळ्यांनी बसते. शँकचं मागचं टोक टाचेच्या बैठकीवर, म्हणजे पायाची टाच टेकते त्या भागावर, दोनेक सेंटीमीटर तरी आलं पाहिजे. ते अलीकडेच संपलं तर इनसोल बिजागरीसारखा दुमडतो आणि टाच मागे सरकते. फर्मा (ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) ८५ मिलिमीटर टाचेचा असताना दिसायला बरी म्हणून ९०ची टाच लावली, तर बूट पुढे कलतो, टाचेची टिकली (जमिनीला लागणारा तुकडा) पुढच्या कडेवरच टेकते आणि तिथेच झिजते.

उभा धागा:
मग ज्युलियन हेक्स यांचा मोहितो हा बूट? पूल रचणाऱ्या वास्तुविशारदाने कमानीखालचा तळच काढून टाकला. भार टाचेवर आणि चवड्यावर असतो, मधे कशाला काही हवं?

चामडं:
तळ गेला, पण त्याचं काम राहिलंच. पायाभोवती वळवलेल्या पट्टीने ते उचललं, म्हणून तिच्यात कार्बन फायबर घालावं लागलं. नुसत्या चामड्याची असती तर पहिल्याच पावलाला उलगडली असती. लंबक, ही तुमच्या बाजूची साक्ष आहे. पण हदीदच्या धाटणीच्या टाचा नुसत्या प्लास्टिकमध्ये ओतून विकणाऱ्यांना तुम्ही नक्षीवाले म्हणालात तर मी त्यांना धोकादायक म्हणेन. विकत घेण्याआधी बूट सपाट टेबलावर ठेवा, टाचेच्या बैठकीवर तळहाताने जोर द्या आणि पुढच्या टोकाकडे बघा. ते उचललं गेलं तर बूट परत करा.