‘द यलो वॉलपेपर’ : भिंतीवरचा पट्टा

शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’ या कथेची निवेदिका शेवटी भ्रमिष्ट होते तिथपासूनच तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं एक म्हणणं आहे; ते पटलं नाही. 1892च्या या कथेत गडबड सुरुवातीपासून आहे. तिला ठेवलेल्या खोलीच्या खिडक्यांना गज, भिंतीत कड्या. आणि ही बाई म्हणते, मुलांची खोली असणार! (बाळंतपणानंतरची सक्तीची विश्रांती, तीही डॉक्टर नवऱ्याच्या देखरेखीखाली.)

भिंतीवरच्या पिवळ्या कागदाआड तिला दिसणाऱ्या बाईचं रूपक सगळेच उचलतात, पण भिंतीच्या तळाशी खोलीभर फिरलेला घासल्याचा पट्टा बघा. तो कोणी पाडला, याचं तिला कोडं पडतं. मग दिवसा सरपटताना आपण दार लावून घेतो, हे एका वाक्यात निसटतं. शेवटी तिचा खांदा त्या पट्ट्यात नेमका बसतो. पलंगाचंही तेच: मुलांनी कुरतडलाय म्हणते आणि लगेच रागाने स्वतःच कोपऱ्याचा तुकडा चावून तोडते.