बंद केल्यावर टोक बाहेर राहतं : घडीच्या चाकूचं पातं कुठून घासायचं?

अडकित्ता
घडीचा चाकू आहे. लॉक नाही, नुसती पाठीची स्प्रिंग. पातं ७४ मिमी, साधं कार्बन स्टील. धार लावून लावून आता बंद केल्यावर टोक मुठीच्या कडेच्या साधारण १ मिमी वर येतं. खिशात हात घातला की टोचतं, अस्तरालाही भोक पडलंय. टोकाकडचे ४-५ मिमी उडवून टाकावेत असं डोक्यात आहे. बेंच ग्राइंडर, हिऱ्याची प्लेट आणि वॉटर पेपर हाताशी आहेत. धारेकडून घासू की पाठीकडून?

घिसाडी
पाठीकडून, आणि फक्त पाठीकडूनच. बंद चाकूत धार आत असते आणि पाठ बाहेर. धारेकडून घासलंत तर टोक पाठीकडे सरकेल, म्हणजे आणखी बाहेर येईल. आत्ता ते वर आलंय तेही त्यामुळेच. दर वेळी धार लावताना टोकाजवळचं पोट, म्हणजे धारेचा गोलसर भाग, झिजतं आणि टोक पाठीकडे चढत जातं. पाठ उतरती केली की टोक खाली येतं आणि धारेला हातही लागत नाही. ४-५ मिमी कशाला घालवता? बहुतेक पात्यांत लांबी २-३ मिमी कमी झाली तरी भागतं.

चाकू बंद करा आणि मुठीच्या कडेला धरून बारीक मार्करने पात्यावर रेघ मारा. उघडल्यावर त्या रेघेच्या अर्धा मिमी धारेकडे दुसरी रेघ मारा. नवं टोक त्या दुसऱ्या रेघेवर यायला हवं. तिथून मागे २० ते २५ मिमी जाऊन पाठीत मिसळणारा हलका बाक आखा. बाक आखूड ठेवलात तर टोक चोच मोडल्यासारखं दिसतं आणि जाडही राहतं.

आता महत्त्वाचं. लॉक नसलेल्या चाकूच्या पाठीवर टोकाजवळ दाब दिला की तो मिटतो, तोही मूठ धरलेल्या बोटांवर. म्हणून मूठ धरून घासू नका. धारेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या, पातं लाकडी ठोकळ्यावर आडवं ठेवून क्लॅम्पने आवळा, टोकाचा भाग तेवढा ठोकळ्याबाहेर काढा. पाणी मारून हिऱ्याची प्लेट पाठीवर चालवा. साधी कानस घसरत राहील, पात्याचं स्टील जवळपास तिच्याइतकंच कडक असतं. आकार आला की वॉटर पेपर २२०, ४००, ६००. पाठीच्या दोन्ही कडा किंचित मोडा, नाहीतर टोकाऐवजी त्या खिसा कापतील.

काटकोन
टोक न घासताही काम होईल, निदान अर्धं. पात्याच्या बुडाशी, धार संपते तिथे, स्प्रिंगवर टेकणारा छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. पातं किती आत बसणार हे तोच ठरवतो. पातं जिच्यावर फिरतं त्या पिनेपासून किक ७-८ मिमीवर आणि टोक ८० मिमीच्या आसपास. म्हणजे किकवरून ०.१ मिमी काढलं की टोक जवळजवळ १ मिमी खाली जातं. कानशीचं नाही, ४०० च्या पेपरचं काम आहे. दोन-तीन हात मारायचे, बंद करून बघायचं.

घिसाडी
हिशोब बरोबर आहे, पण मी किकला शेवटी हात लावेन. टोक खाली येतं तशी धारही खाली येते. जागा संपली की पातं खटकन मिटताना धार स्प्रिंगवर आपटते आणि त्याच एका जागी कायम बोथट होत राहते. वरून पेपर घासताना जास्त गेलं तर ते परत भरता येत नाही. आधी मापा: स्प्रिंगवर मऊ मेणाची पातळ पट्टी दाबा, चाकू सावकाश बंद करा, उघडा आणि धारेखाली मेण किती जाड उरलं ते पाहा. किक घासल्यावरही अर्धा मिमी उरणार नसेल तर तो नाद सोडा. खटकन मिटवल्यावर स्प्रिंग क्षणभर दबते, त्यामुळे सावकाश मिटवून जेवढी जागा दिसते त्याहून प्रत्यक्षात कमी मिळते. नखाची खाच मुठीत बुडत नाही ना, तेही बघून घ्या. बुडाली तर उघडायचा कसा?

अडकित्ता
समजलं. पण ग्राइंडरवर सारखं पाण्यात बुडवत केलं तर चालेल ना? प्लेटवर फार वेळ जाईल.

घिसाडी
वेळ जाऊ दे. टोक पातळ असतं, उष्णतेला पळायला जागा नसते, एका सेकंदात तापतं. साध्या कार्बन स्टीलला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर, साधारण २०० अंशांवर टेम्पर केलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवलेलं असतं. फिकट पिवळा रंग २२०-२३० ला येतो, निळा ३०० च्या आसपास. निळा दिसला म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग रंग पॉलिशने काढून काही होत नाही, मऊ झालेला भागच घासून टाकावा लागतो, म्हणजे पातं आणखी आखूड. स्टेनलेसवर हेच रंग अजून जास्त तापमानाला दिसतात, त्यामुळे तिथे रंग दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. ग्राइंडर वापरायचाच तर उघड्या बोटांनी, हातमोज्याशिवाय, एका वेळी अर्धा सेकंद टेकवा आणि शेवटचा १ मिमी प्लेटवरच करा.

बिनघोर
दोन गोष्टी राहिल्या. नवं टोक जुन्यापेक्षा जाड असेल, कारण पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. शेवटचे १० मिमी दोन्ही गालांकडून ३२५ च्या हिऱ्याच्या प्लेटवर थोडे पातळ करा, मग धार लावा. नाहीतर पाकीट फोडतानाही जोर लागतो. दुसरं, हा उपाय लायनर लॉकवाल्यांनी (मुठीतली पत्ती उघडं पातं अडवून धरते तो चाकू) जसाच्या तसा उचलू नये. तिथे किक नसते, पातं स्टॉप पिनवर टेकतं. टेकण्याची जागा घासली तर बंद पातं धरून ठेवणारी लॉकवरची बारीक गोळी पात्यातल्या भोकात नीट बसत नाही आणि चाकू खिशात आपोआप उघडू शकतो. तिथे फक्त पाठ उतरवा.

सांध्यावर सुरुवातीलाच टेप लावा. हिऱ्याची भुकटी पिनेत गेली तर प्रत्येक उघडझाकीला ती घासत राहते. गेलीच तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून वीसेक वेळा उघडझाक करा, पूर्ण वाळवा आणि पिनेवर तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल घातलंत तर खिशातला सगळा धागा-कचरा तिथेच जमा होतो.